फक्त तोंड हलवायचं

"अहो मॅडम, किती हा उशीर! ही छडी घ्या आणि फळ्यासमोर उभ्या राहा. बोलायचं नाही हां — फक्त तोंड हलवायचं!"

श्रुतिकाच्या हातात छडी आली, पाठीला हलकासा धक्का बसला आणि काय होतंय ते कळायच्या आत ती मढच्या एका शूटिंगच्या बंगल्यातल्या वर्गात पोचलीसुद्धा. खरं तर ती बोरीवलीहून आली होती ती हा वर्ग एका सकाळपुरता मिळेल का, ते विचारायला. वर्ग शूटिंगसाठी मांडलेला, खोटा. पण फळा खरा होता. आणि फळा दिसला की इंग्रजीचे क्लास घेणाऱ्या श्रुतिकाला राहवत नसे. कॅमेरा सुरू झाला आणि बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, क्लास!"

"कट! कोण आहे ही?"

धक्का देणारा कपाळाला हात लावून उभा होता. तो ॲड्रियन, शूटिंगला गर्दीची माणसं पुरवणारा. गावातल्या मावश्या-काकांना कधी वऱ्हाडी करायचं, कधी पेशंट, हा त्याचा धंदा. हिला तो त्या गर्दीतलीच समजला होता.

"माझी वाट लावलीत तुम्ही," नंतर चहाचा ग्लास पुढे करत तो म्हणाला. पण हसत होता... आणि हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्तच मिटत होता.

"धक्का तुम्ही दिलात," श्रुतिका म्हणाली. "आता भरपाई करा."

मग तिनं सगळं सांगितलं. व्हिएतनाममधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी होती, वर्षभराची. शाळेला तिचा शिकवतानाचा व्हिडिओ हवा होता. समोर इंग्रजी न येणारी मोठी माणसं हवीत आणि ती बोलताना दिसली पाहिजेत. ही नोकरी तिला मनापासून हवी होती. बोरीवलीच्या क्लासमध्ये तीच ती मुलं, तेच ते निबंध. जन्मात एकदा तरी तिला लांब जाऊन बघायचं होतं.

"बोरीवलीत मिळत नाहीत अशी माणसं?"

"बोरीवलीत इंग्रजी येत नाही असं कबूल कोण करणार?"

ॲड्रियन खो खो हसला. "वर्ग मिळवून देतो, माणसंही देतो. एक जण कमी पडला तर मी बसतो. मलाही फारसं येत नाही."

"खोटं!"

"बरं, जरा येतं. पण तुमच्यासमोर आठवत नाही."

पुढचे काही रविवार तालमी झाल्या. ॲड्रियनची मम्मी तेरेसा, जानकीमावशी, त्यांच्या शेजारणी... सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून हजर. तालीम संपली की ॲड्रियन तिला स्कूटरवरून मालाडपर्यंत सोडायचा. रस्त्याकडेला बोंबील वाळत असायचे, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"तिकडे सुके बोंबील मिळतात का गं?"

"कुणास ठाऊक."

"मग राहणार कशी तू?"

तो हे आरशात बघून विचारायचा, आणि श्रुतिका उगाच ओढणी सावरायची.

व्हिडिओचा दिवस उजाडला. कॅमेरा सुरू झाला. "व्हेअर आर यू गोइंग?" श्रुतिकानं विचारलं. तेरेसा आंटी उठल्या, हातवारे केले, ओठ भरभर हलवले... आणि आवाज काही नाही! जानकीमावशींचं तेच. अख्खा वर्ग बोलत होता आणि पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आंटी, आवाज?"

"अगं बाय, कॅमेऱ्यापुढे आवाज काढायचा नसतो! मनात येईल ते बोलायचं, फक्त ओठांनी. मी तर दर वेळी नवऱ्याला शिव्या घालते."

ॲड्रियन तिसऱ्या बाकावरून ओरडला, "मम्मी, आज सगळ्यांना डायलॉग आहे!"

डायलॉग! आयुष्यभर गर्दीत उभ्या राहिलेल्या बायकांना डायलॉग! मग काय विचारता? "आय ॲम गोइंग टू मार्केट," हे तेरेसा आंटींनी असं हुंदके देत म्हटलं, की जणू मार्केटातून त्या कधी परतणारच नव्हत्या. जानकीमावशींनी तर बाकाला मिठी मारली.

शाळेचं उत्तर आलं. विद्यार्थी इतक्या भावनेनं बोलताना आम्ही कधी पाहिले नव्हते, कधी निघताय?

श्रुतिका घरभर नाचली. मग हसायला म्हणून तिनं तो पहिला, फसलेला टेक लावला, आणि तिसऱ्या बाकाशी थबकली. ॲड्रियनही ओठ हलवत होता, थेट तिच्याकडे बघत. उच्चार शिकवताना मुलांचे ओठ बघायची तिला सवय होती. तिनं पुन्हा पाहिलं... पुन्हा एकदा. मनात येईल ते बोलायचं, आंटी म्हणाल्या होत्या. तो म्हणत होता — जाऊ नकोस.

तिनं व्हिडिओ तिथंच थांबवला. आनंद व्हावा की दुःख, तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी ती मढला गेली. ॲड्रियन बंगल्याच्या दारातच सुक्या बोंबलांचं पुडकं घेऊन उभा होता. "अभिनंदन, बाई. विमानात वास आला तर माझं नाव सांगू नकोस."

"त्या दिवशी तिसऱ्या बाकावर काय म्हणालास?"

"मार्केट."

"मार्केट म्हणताना ओठ तसे होत नाहीत."

त्याचे कान लाल झाले. "तू... पाहिलंस?"

"वर्गात आवाज काढायचा असतो, ॲड्रियन. मोठ्यानं बोल."

त्यानं पुडकं तिच्या हातात ठेवलं. "तेव्हा म्हणालो होतो, जाऊ नकोस. आज नाही म्हणणार. फळ्यासमोर तू कशी दिसतेस, ते मी पाहिलंय ना... तू जा. झकास शिकव त्यांना. पण वर्ष संपलं की परत ये. माझ्याकडे ये. आवडतेस तू मला, श्रुती — लई आवडतेस!"

श्रुतिकानं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज मात्र फुटेना.

मागच्या कठड्यावर तेरेसा आंटी आणि जानकीमावशी शेजारी शेजारी बसल्या होत्या. एकमेकींकडे बघून, हातवारे करत, दोघी जोरजोरात ओठ हलवत होत्या. आवाज अर्थातच नव्हता. कान सगळे इकडे. शेवटी आंटींना राहवलं नाही.

"अगं बाय, आता तरी डायलॉग बोल!"

आणि श्रुतिका बोलली, पहिल्या दिवशीच्याच खणखणीत आवाजात. "येईन! तुझ्याकडेच येईन!"

या वेळी 'कट' म्हणून कुणी ओरडलं नाही.