लिंबाच्या कुंडीवरचा कोष

तिने पाण्याचा पाइप सोडला तो थेट एका माणसाच्या पाठीवर. आत्याच्या रोपवाटिकेत, कुंड्यांच्या दोन रांगांमध्ये, सकाळी सकाळी कुणी पालथं पडलेलं असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. दुसरा कुणी असता तर ताडकन उठून भांडला असता. हा पठ्ठ्या हललासुद्धा नाही. नुसता एक हात वर केला.

"पाणी चालू राहू द्या," तो दबक्या आवाजात म्हणाला. "त्याला पाऊस वाटतोय."

त्याला म्हणजे एका नाकतोड्याला. मग ओलाचिंब होऊन तो उठला आणि त्याने तिला कॅमेऱ्यात फोटो दाखवला. नाकतोडा पुढच्या पायाने मिशी पुसत होता. तिने जन्मभर नाकतोडे झटकले होते, पण एकाचंही तोंड कधी नीट पाहिलं नव्हतं. आत यायची परवानगी त्याने त्यानंतर मागितली, आणि ती त्याला मिळालीही.

तेव्हापासून तो रोज येऊ लागला. "आले तुझे किडेवाले," आत्या आतूनच म्हणायची, आणि त्यातलं 'तुझे' ऐकून हिचे कान गरम व्हायचे. ऊन कडक पडू नये म्हणून ती त्याच्या कॅमेऱ्यावर पांढरी छत्री धरून उकिडवी बसायची. किडा जवळून टिपायचा तर वाऱ्याची झुळूकसुद्धा चालत नाही, म्हणून दोघंही श्वास रोखायचे. डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ.

"तुमचा श्वास लागतोय पानाला," तो एकदा म्हणाला.

"माझा नाही, तुमचा."

"मग... दोघांचा असेल."

त्या दिवशी एकही फोटो धड आला नाही.

त्याचं किड्यांचं पुस्तक पुरं होत आलं होतं. आता एकच फोटो राहिला होता, कोषातून बाहेर पडणाऱ्या फुलपाखराचा. लिंबाच्या कुंडीवर तसा एक कोष लटकला होता, वाळक्या पानासारखा, एका धाग्याच्या आधाराने. तो फोटो मिळाला की आपण लांबच्या डोंगरात जाणार, वर्षभर तिकडेच काम आहे, असं त्याने सहज सांगून टाकलं. तिला ते काही सहज ऐकता आलं नाही.

गारव्यात कोष उशिरा उघडतो हे त्यानेच तिला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी लिंबाची कुंडी उन्हातून निघून मागच्या भिंतीपाशी, गार सावलीत गेली. गिऱ्हाइकाने ते झाड मागितलं तर ती म्हणाली, विकलंय. कुणाला, म्हणून आत्याने विचारलं, तेव्हा तिला एकदम पाणी घालायची आठवण झाली. आपण एका जिवाचं बाहेर येणं अडवतोय, हे तिला टोचायचं. पण सकाळी फाटक वाजलं की त्या टोचणीचा तिला साफ विसर पडायचा. वेड्या मनाला कोण समजावणार?

मग एके दिवशी पाणी घालताना तिला कोषाच्या कडेला भोक दिसलं. टाचणीच्या डोक्याएवढं, गोल. कोष आतून रिकामा होता. एवढ्याशा भोकातून फुलपाखरू काही बाहेर पडलं नसणार. आपल्या सावलीनेच मेला बिचारा... आणि आता किडेवाल्यांना कळलं तर ते उद्यापासून कशाला येतील? तिने हळूच कुंडी फिरवली. भोक भिंतीकडे, शाबूत बाजू बाहेर.

तो आला, त्याने कोष पाहिला, म्हणाला, "अजून वेळ आहे." दुसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढेही तेच. तो रोज निघाला की तिला आत्तापासूनच उद्याची आठवण यायची.

आणि एका सकाळी तो हात हलवत आला. खांद्याला पिशवी नव्हती.

"कॅमेरा कुठंय?"

"नाही आणला आज."

"आणि आज उघडला तर?"

तो कुंडीपाशी बसला. त्याने ती अलगद फिरवली, आणि ते भोक त्या दोघांच्या मधोमध आलं.

तिला रडू फुटलं. सावलीचं, उन्हाचं, विकल्याच्या थापेचं, सगळं तिने भडाभडा सांगून टाकलं. "मीच मारला त्याला. तुम्ही जाऊ नये म्हणून."

"तुम्ही नाही. एक इवलीशी माशी सुरवंटातच अंडी घालते. तिची पिल्लं आतून खातात आणि भोक पाडून उडून जातात. सावलीत यायच्या आधीच तो गेला होता." तो थांबला. "भोक मी तुमच्या आधी पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर जावं लागलं असतं." तो मातीकडे बघत म्हणाला. "आणि मग एक दिवस कुंडी फिरवलेली दिसली. तेव्हापासून फोटोत लक्षच नाही माझं. मला तुम्ही आवडता. आज तेवढंच सांगायला आलोय. उद्या सकाळी निघायचंय... पुढं ढकलता येईल तेवढं ढकललं."

आतून आत्या विचारत होती की ते लिंबाचं झाड आता तरी द्यायचं का. तिने डोळे पुसले, कुंडी दोन्ही हातांनी धरली आणि भोक पुन्हा भिंतीकडे फिरवलं.

"अजून उघडला नाहीये," ती म्हणाली. "बघायला तुला परत यावं लागेल."