ओळखीची शिंक

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला शिंकांची व्याधी असावी, ही देवाची चेष्टाच. शिंक आली की चिमट्यातला स्क्रू टेबलाखाली आणि त्याच्यामागे मी. धूळ, गारवा, गिऱ्हाइकाचं अत्तर, काहीही पुरायचं. घरच्यांना मात्र सवय झाली होती. संध्याकाळी जिन्यात माझी शिंक ऐकली की लेक धावत येऊन कडी काढायची. कोण आहे, असं तिने कधी विचारलं नाही.

गोळ्या, फवारे करून थकलो आणि शेवटी लेझर करून घेतलं. डॉक्टरांनी नाक बधिर करून आतला सुजलेला भाग किरणांनी जाळला. जळक्या केसांसारखा वास आला. काही दिवसांनी खपल्या पडल्या आणि नाक इतकं मोकळं झालं की मला रडूच आलं. शिंका बंद झाल्या.

पुढच्या आठवड्यात घरी आलो तर दार सताड उघडं. लेक गृहपाठ करत होती. म्हणाली, मघाशी तुम्ही शिंकलात म्हणून उघडलं, पण आलाच नाहीत. शेजारी कोणी शिंकलं असेल, मी म्हटलं. तरी तिला बजावलं, बाबा आता शिंकत नाहीत, हाक मारली तरच उघडायचं.

रविवारी लेक खाली खेळत होती. मी आणि बायको चहा घेत होतो. न्हाणीघरातून शिंक आली. आधी लांबलेला आ आणि शेवटी बारीक किंकाळी, जिची बायको लग्नापासून टिंगल करते.

माझ्या नाकाखाली बोट धरून तिने श्वास पाहिला.

आत कोणी नव्हतं. आरशावर माझ्या तोंडाच्या उंचीला बारीक थेंब उडाले होते. मी ते पुसले.

त्या दिवसापासून मी धास्तीच घेतली. बायको कामावर असली की दुकान लवकर बंद करायचो. परवाही तसाच धापा टाकत जिना चढलो आणि हाक मारली.

दार उघडलं नाही.

"अगं, मी आहे."

"आधी शिंकून दाखवा," लेक दारामागून म्हणाली. "बाबांनी सांगितलंय, शिंकल्याशिवाय कोणालाही उघडायचं नाही."

"कधी सांगितलं?"

"आत्ताच. इथेच उभे आहेत."

मी पायपुसणं उचलून तोंडावर झटकलं. धूळ छातीपर्यंत ओढली. नाक मोकळंच राहिलं.

आत कोणीतरी शिंकलं. लेक खुदकन हसली.

मग दाराची वरची कडी लागली. तिथवर लेकीचा हात पोचत नाही.