इवाओच्या आईची फणी

खा रे ताकुतो, लाजू नकोस. हताहता माशाची गाभोळी गरम आहे तोवरच ओढायची. गार झाली की नाकातल्या शेंबडासारखी लागते. चिनात्सु, वाढ तुझ्या या होणाऱ्या नवऱ्याला. तोक्योचं लेकरू, अंड्यांना तारा सुटताहेत बघून पांढरं पडलंय.

"आजोबा, जेवताना तरी," चिनात्सु म्हणाली.

जेवतानाच तर सांगायची ही गोष्ट. नंतर सांगितली तर पोटातलं बाहेर कसं येणार?

"छप्पर गळतंय का इथं?" ताकुतोनं मान पुसत विचारलं.

गळू दे. या खोपटात स्टोव्हजवळ तेवढी एकच जागा आहे, हलू नकोस. बाहेर बर्फ वाढलाय आणि आत्ताच एकदा गडगडलं, ऐकलंस ना? म्हणून इवाओ आठवला.

इवाओ आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतो. जाळी दुरुस्त करतो. साठीला आला तरी बिनलग्नाचा. मी स्वतः तीन बायका दाखवल्या त्याला. एक तर दारातूनच परत फिरली, त्याच्या अंगाच्या मासळीच्या वासानं. तिला म्हटलं, बाई, त्याच्या मागून त्याच टबातल्या पाण्यात तुझी आंघोळ झाली की तो वास तुलाही लागेल, मग जाणवणार नाही. तरी गेली.

तर घरात इवाओ आणि त्याची आई, किनेबाई. गेल्या वर्षी थंडी सुरू झाली आणि म्हातारीनं अन्न सोडलं. पेज दिली की जिभेनं बाहेर ढकलायची. हनुवटीवरून ओघळायची, मानेच्या सुरकुत्यांत साचायची, आंबायची. इवाओ बिचारा ओल्या फडक्यानं पुसत बसायचा. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत काही गिळलं नाही तर संपलं.

म्हातारीचा एकच हट्ट. "किनाऱ्यावरची अंडी आण. कडकड फोडून चोखायचीत मला."

"आई, तुला दात कुठे आहेत? तुझी कवळी पेल्यात पडलीय उन्हाळ्यापासून."

"दातांचं मी बघते. तू अंडी आण."

त्या वर्षी समुद्र रिकामा होता. जाळ्यात मासा नाही, बाजारात गाभोळी नाही.

डिसेंबरची आठ तारीख, रविवार. अंधार पडून थोडाच वेळ झाला होता. बर्फ पडत होता आणि मोसमातला पहिला गडगडाट झाला. आमच्याकडे त्यालाच हताहता जागा होतो. बर्फात वीज कडाडली की हा मासा खोल पाण्यातून उठतो, किनाऱ्याच्या शेवाळात येतो आणि देठांना अंड्यांचे गड्डे गुंडाळून जातो. पाण्यात राहून साल कडक झालेले ते गड्डे लाटा वाळूवर फेकतात. ते उचलायला सरकारची बंदी आहे, पण आमच्या गावाची बंदी त्याहून जुनी. पहिल्या गडगडाटाची रात्र आपली नाही. त्या रात्री दारं लावायची. किनाऱ्यावर जायचं नाही. बायकांनी केसांना फणी लावायची नाही.

का ते मला विचारू नका. माझ्या आजीनंही सांगितलं नाही.

इवाओ मला रस्त्यात भेटला. हातात बादली, कमरेला जाळी कापायची सुरी.

"काय रे, नवरी आणायला निघालास?"

"आईला अंडी आणायला."

"आज?"

"उद्यापर्यंत ती राहील का, योसाकुदादा?"

मी बाजूला झालो.

किनाऱ्यावर सडकी घाण सुटली होती. कुजलेलं शेवाळ, मेलेले जेलीफिश, बर्फाखाली बुळबुळीत चिखल. एकेक पाऊल रुतायचं आणि ढुंगण पुसल्यासारखा आवाज करत निघायचं. हसू नकोस चिनात्सु, मी इवाओचेच शब्द सांगतोय.

बर्फात वीज चमकते तेव्हा तिची रेघ दिसत नाही. सगळं आभाळ आतून पेटतं. उजेड सगळीकडून येतो, त्यामुळे कशाचीच सावली पडत नाही. बादलीची नाही. माणसाची नाही.

वीज चमकली. त्याच्या पायाशी काहीतरी लांबलचक, काळं पडलं होतं.

त्यानं वाकून हात लावला. शेवाळ. शेवाळाला गुंडाळलेला अंड्यांचा गड्डा, मुठीपेक्षा मोठा. गार. चिकट. बोटांमधून चीक गळत होता. इवाओला केवढा आनंद. त्यानं ओढलं. येईना. जोर लावला. येईना.

मग पलीकडून कोणीतरी ओढलं.

लाट असेल, म्हणाला स्वतःशी. सुरी काढली आणि कापलं. शेवाळ असं कापलं जात नाही, ते तुटतं. हे... एकेक धागा कर्र कर्र करत कापला गेला.

पाण्यात कोणीतरी श्वास आत ओढला.

तो पळाला.

घरी आला तर गावातली वीज गेलेली. अंधारातच त्यानं गड्डा वाडग्यात टाकला आणि आईच्या उशाशी ठेवला. सरकतं दार ओढून घेतलं. बाहेर दाराला पाठ लावून बसला. हाताचा चीक निघेना. बर्फानं घासला, राखेनं घासला. बोटांना बोटं चिकटत होती.

आतून आवाज आला. कडकड.

मग चोखल्याचा. मग साल थुंकल्याचा. थू.

कडकड. सुर्र. थू.

आई खात होती. तो रडला, म्हणाला. एवढ्या दिवसांनी खात होती.

मग दिवे आले. समोर मोरीच्या फळीवर पेला होता. पेल्यात पाणी. पाण्यात आईची कवळी. वरची आणि खालची.

आत... कडकड.

"आई?"

चावणं थांबलं.

मग हळूच एक आवाज. केसांतून फणी फिरावी तसा. एकदा... पुन्हा... पुन्हा...

त्यानं दार उघडलं नाही. उजाडेपर्यंत नाही. मी त्याला भित्रा म्हणालो होतो. आता म्हणत नाही.

सकाळी म्हातारी जिवंत होती. गाल लाल, ओठांना चीक सुकलेला. वाडगा रिकामा. चटईवर सालांचा ओला ढीग. आणि तिच्या पांढऱ्या वेणीला, देठाला गुंडाळावा तसा घट्ट, ताजा अंड्यांचा गड्डा. वेणीतून गळून उशी भिजली होती. वास असा की इवाओ तिथेच ओकला. शेवटी वेणी मुळापासून कापावी लागली.

किनेबाई मात्र खुशीत. "सून गुणाची आहे रे," म्हणाली. "अंडी स्वतः चावून मऊ करून भरवली. केस विंचरले. हात तेवढे फार गार आहेत तिचे. कुठे गेली?"

"आजोबा, पुरे," चिनात्सुनं वाटी खाली ठेवली.

म्हातारी अजून आहे. परवाच मला शिव्या घातल्या तिनं. इवाओनं वेणी समुद्रात टाकली. पण उशाजवळ आईची लाकडी फणी होती, फणीच्या दातांत अडकलेले काळे केस होते. हातभर लांब, ओले. ती घरात ठेवायचा त्याला धीर नाही आणि त्या पाण्याजवळ पुन्हा जायचाही नाही. मग इथे माझ्या जाळ्यांच्या खोपटात आणून टांगली. वर्ष झालं. खाली स्टोव्ह पेटतो, उन्हाळा येऊन गेला.

केस वाळलेले नाहीत.

ताकुतो, छप्पर मी मागच्याच महिन्यात नवं घातलं. मान वर करून बघ. तुझ्या डोक्यावरचा खिळा.