फियाटला खोबरेल

"गाडीला न्हाऊमाखू घालताय व्हय, वैनी?"

कुंपणापलीकडून आवाज आला आणि माझा हात बॉनेटवर तसाच थांबला. सायकलवरून एक पाय जमिनीला टेकवून कुणीतरी उभा होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल पार कुशीला सरकवलेलं. मला आधी त्या बक्कलचंच नवल वाटलं.

"पॉलिश करतेय," मी म्हटलं.

"कशानं?"

मी बाटली पदराआड घेतली. पण वास काही पदराआड जात नाही.

"खोबरेल," तो म्हणाला आणि इतका मनापासून हसला की... "कोंडा झालाय का तिला?"

मलाही हसू आलं. आलं आणि माझं मलाच दचकायला झालं. ठकीच्या जन्मानंतर तिच्याकडे बघून मी हसायचे, ते वेगळं. मोठ्या माणसाच्या बोलण्यावर हसून मला दोन वर्षं होत आली होती.

गौरी नुकत्याच गेल्या होत्या. संत तुकाराम नगरातल्या आमच्या तळमजल्याच्या घरासमोर ही फियाट ताडपत्रीखाली उभी होती. फिकट निळी, आमच्या ह्यांच्या हौसेची. हे होते तेव्हा दर सुट्टीला तासन् तास तिला पुसत बसायचे. मी फडकं घेऊन गेले की म्हणायचे, "तू नुसती बस आत. मिरव." मग कावीळ झाली, आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. ठकी तेव्हा माझ्या पोटात होती.

घरात उरलो आम्ही तिघं — ठकी, मी आणि माझे सासरे अण्णासाहेब. अण्णासाहेब वाईट नव्हते, नुसते गप्प होते. सकाळी वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरायचे, मोतीबिंदूमुळे काही वाचता यायचं नाही, तरी धरायचे. आम्ही बोलायचो ते ठकीच्या दुधाबद्दल आणि आमटीतल्या मिठाबद्दल. बाकी घरात बोलायचा तो रेडिओ.

त्या श्रावणात ते एकदम म्हणाले, "गाडी देऊन टाकू. उभ्या गाडीचं रबर मरतं." चाकणच्या मार्केटयार्डातले कांद्याचे व्यापारी मारुतराव घेणार होते. पितृपक्षात कोण गाडी नेतो, म्हणून दसरा ठरला. तोवर तिला माणसात आणायची होती, म्हणून मी ताडपत्री काढली. लाकडी देव्हाऱ्याला आमच्याकडे खोबरेल लावतात, तो कसा झळझळतो... तेच डोक्यात. तासभर गाडीही झळझळली. मग हा सायकलवाला बघत असतानाच फौंड्रीकडून वारा सुटला आणि तिच्या अंगावर काळी धूळ अशी बसली, जशी तिळाच्या लाडवावर बसावी मुंगी.

"मी पेंट शॉपात हाय," तो कुंपणाला सायकल टेकवत म्हणाला. "रोज नव्या गाड्या पुसतो. ही अशी बघून पुढं जाववंना. घरातल्या थोरल्यांस्नी विचारून बघा. दर गुरवारी सुट्टी असती, करून देईन."

"नाव काय तुमचं?"

"हिंदुराव. पुनावळ्याचा."

"नाव केवढं मोठं."

"आज्याचं हाय. मला सैल हुतं, पर घालतो."

अण्णासाहेबांनी आतून नुसतं "बरं" म्हटलं.

आमच्या भागात गुरुवारी कारखाने बंद असतात. त्या दिवशी भोंगा होत नाही, आणि सगळी वसाहत कान चोळत जागी होते. त्याआधी गुरुवारचा मला कंटाळा यायचा, शेजारणींचे नवरे घरी असायचे म्हणून. पुढच्या गुरुवारी मात्र मी पहाटेच बादल्या भरून ठेवल्या.

तेल निघायलाच तो पहिला गुरुवार गेला. दुसऱ्या गुरुवारी त्यानं बॉनेट घेतलं. आधी वरून खाली पाणी, मग चामड्यानं टिपणं. उन्हात काही करायचं नाही, म्हणून गाडी ढकलून गुलमोहराच्या सावलीत आणली. त्यानं पुढून धरली, मी मागून. ठकी मागच्या सीटवर झोपलेली. गाडी हलली की ती झोपेत हसायची.

"मऊ कापड पायजे. जुनं. धुऊन धुऊन जीव गेल्यालं."

"ठकीची दुपटी चालतील?"

"त्येच्यावानी कापड न्हाई बघा."

चपट्या डब्यात पिवळसर मेण होतं. त्यानं दुपट्याचा कोपरा बोटाला गुंडाळला, मेणाला नुसता टेकवला आणि पत्र्यावर लहान लहान गोल काढत गेला. दाब नाही, घाई नाही. मेण वाळून दुधावर साय धरावी तसं पांढरट झालं. मग कोऱ्या दुपट्यानं ती साय उचलली — आणि खालून असा निळा रंग वर आला की मी पुढं झाले.

"मी करू?"

"करा की. पर आदी बांगड्या काढा. आमच्या शॉपात पयला नियम — आंगठी, घड्याळ, बक्कल... वरखडा पडला की..."

आणि त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं.

मीही पाहिलं. दोन्ही मनगटं मोकळी. मला त्यांची सवय झाली होती. पण त्या क्षणी ती कुणा दुसऱ्याच बाईची असल्यासारखी दिसली... बारीक, उगाच लांब.

त्यानं माफी मागितली असती तर मी आत निघून गेले असते. त्यानं दुपट्याची नवी घडी घातली आणि माझ्या हातात दिली. बराच वेळ आम्ही बॉनेटच्या दोन कडांनी गोल काढत राहिलो. शेवटी पत्र्याकडे बघत तो म्हणाला, "माझ्या तोंडाला ब्रेक न्हाई."

"गाडीला तरी आहे का?"

"हाताचा हाय."

आम्ही दोघंही हसलो, पण हळू. ठकी उठेल म्हणून.

तिसऱ्या गुरुवारी दारं झाली. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं — तो मला आता 'वैनी' म्हणत नव्हता. दुसरं काही म्हणतही नव्हता. "आवं, पाणी," "आवं, हे धरा," असं नाव टाळून टाळून चाललं होतं. मला नाव घेतलेलं ऐकून किती दिवस झाले होते... घरात मी 'सूनबाई', बाहेर 'ठकीची आई'. दार पुसता पुसता मी एकदम म्हणाले, "माझं नाव नीला आहे."

"म्हाईत हाय," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या सुमनताई वाळलेले कपडे काढायला खाली आल्या. त्यांचे यजमान त्याच पेंट शॉपात आहेत.

"काय गं, संपलं नाही अजून तुमचं?"

"दारं झाली. डिकी राहिलीय."

"आमचे हे सांगत होते, तो हिंदुराव एका शिफ्टला आठ गाड्या चकाचक करतो. तुमचीच बाई हत्तीएवढी."

मी त्यांच्या दोरीवरची चादर काढून त्यांच्या हातात दिली. कान गरम झाले होते. आठ गाड्या एका शिफ्टला... आणि आमच्या एका बॉनेटला त्याला अख्खा गुरुवार लागला होता.

त्या रात्रीनंतर आठवडाभर मी दिवस मोजत होते. हे सुख म्हणावं की भीती, कळत नव्हतं. कारण गाडी जितकी उजळत होती, तितकी ती दारातून जायची वेळ जवळ येत होती. आणि गाडी गेली की त्यानं इथं यायचं कशाला? चहाला? विधवेच्या दारी? डिकी तेवढी उरली होती. एक डिकी, एक गुरुवार. मग पुन्हा रेडिओ, आमटी, मीठ.

बुधवारी दुपारी ठकीला मालिश करून झोपवलं. अण्णासाहेबांचाही डोळा लागला होता. माझ्या हातात बाटली होती. मी बाहेर गेले. तळहातावर तेल घेतलं... आणि डिकीवर पसरलं. चांगलं चोपडलं. मागच्या दोन्ही मडगार्डांनाही. फौंड्रीच्या वाऱ्यानं उरलेलं काम केलं.

गुरुवारी तो आला, डबा ठेवला, गाडीला वळसा घातला आणि डिकीपाशी थांबला. एक बोट फिरवलं. नाकाशी नेलं.

"खोबरेल."

"ठकीचा हात लागला असेल," मी म्हटलं. "मालिशनंतर."

"ठकीचा हात हितवर पोचतो?"

मला पायाखालची मातीच फार बघण्यासारखी वाटत होती.

"मग पुन्यांदा सुरवातीपासनं," तो सावकाश म्हणाला. "आज निस्तं तेलच निगंल. मेणाला दसऱ्याच्या सकाळी यावं लागंल."

"दसऱ्याच्या सकाळी..."

"सणाचा दिवस. घरी बोंबलतील."

"मग नका येऊ."

"आसं म्हनलो का मी?"

त्या दिवशी नुसतं तेल काढायचं होतं. पण त्याचा हात इतका हळू चालत होता की पेंट शॉपात त्याला कुणी कामावरच ठेवलं नसतं.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं शेवटची साय उचलली. मी अंगण झाडून रांगोळी घातली होती. गाडी अशी दिसत होती की हे असते तर... मी ते वाक्य मनात पुरं केलं नाही. रडूही आलं नाही. फक्त वाटलं, त्यांनाही आवडलं असतं. दारावर वाकून बघितलं, तर मागं तोही वाकलेला. पत्र्याच्या फुगवट्यात आम्ही दोघं दिसत होतो, नाकं मोठी, कपाळं बसकी.

"बेकार दिसतोय आपुन," तो म्हणाला.

"फारच," मी म्हटलं. आणि दोघंही तिथून लवकर हललो नाही.

दहाला मारुतराव आले. बॉनेटला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. अण्णासाहेबांनी किल्ली दिली आणि हात तसाच पुढं राहू दिला, जणू कुणी ती परत ठेवणार आहे. लिंबं फुटली. फियाट वळणाशी गेली, आणि दिसेनाशी झाली. हिंदुरावनं अण्णासाहेबांना आपट्याची पानं दिली, पाया पडला. मग मला दिली. बोटाला बोट लागणार नाही एवढी काळजी घेऊन.

"आता हिकडं काम न्हाई," तो म्हणाला.

काहीतरी बोलायचं होतं. चार गुरुवार जे तोंडाशी येऊन थांबलं होतं ते. मी म्हणाले, "हो."

तो डबा कॅरियरला लावून निघून गेला.

पुढचा गुरुवार आला. मी सकाळपासून कुंपणाकडे पाठ करून बसले, म्हणजे बघायला नको. संध्याकाळ झाली. कुणी आलं नाही. गाडी होती तिथं ऑईलचा काळा डाग आणि चार चाकांच्या चार चौकटी, ज्यांत गवत उगवलं नव्हतं. ठकी झोपेना. तिला मागची सीट हवी होती. मी तिला खांद्यावर घेऊन त्या चार चौकटींच्या मधोमध फेऱ्या घालत राहिले... तेवढीच जागा माझी होती.

त्यानंतरच्या बुधवारी दुपारी कासार दारावरून ओरडत गेला. आमच्या दाराशी तो कधी थांबत नसे. कशाला थांबेल? पण आतून अण्णासाहेबांचा आवाज आला, "ए कासारा, इकडे ये."

मला वाटलं, सुमनताईंसाठी. अण्णासाहेब ओट्यावर येऊन उभे राहिले, भिंत धरून.

"सूनबाई, त्या गाडीला दोनदा खोबरेल लागलं."

मी कासाराच्या टोपलीकडे बघू लागले.

"मोतीबिंदू डोळ्यात आहे माझ्या, नाकात नाही." ते म्हणाले. "आणि गेल्या गुरुवारी त्याला मी बसस्टॉपपाशी उभा पाहिला. म्हणजे सायकल ओळखली. तासभर उभा होता. माझ्या वयाला भ्याला असेल, नाहीतर तुझ्या 'हो'ला." मग कासाराकडे वळून, "भर हिला. कुठल्या हव्यात ते तिला विचार, मला नको."

आणि ते आत गेले. थोड्या वेळानं आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

मी फिकट निळ्या घेतल्या. दोन-दोन. कासारानं हात दाबला तेव्हा दुखलं, आणि ते दुखणंही ओळखीचं वाटलं.

गुरुवारी सायकल कुंपणाशी आली. तो उतरला. मी ओट्यावर ठकीला भरवत होते. त्यानं रिकाम्या जागेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत जागेकडे.

"डबा?" मी विचारलं.

"न्हाई आणला."

"फडकं?"

"न्हाई."

"मग काम काय काढलंत?"

"काम न्हाई." हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. "काम नसताना येऊन बगावं म्हनलं... नीला."

आतून अण्णासाहेबांनी रेडिओ बंद केला. मग भांड्याचा आवाज आला. ते स्वतः चहाचं आधण ठेवत होते, आणि साखरेचा डबा त्यांना सापडत नव्हता.

मी ठकीला त्याच्याकडे दिलं. देताना बांगड्या वाजल्या. त्याची नजर मनगटावर आली आणि तिथंच थांबली.

"काढायच्या का?" मी म्हटलं. "पहिला नियम..."

ठकीनं भाताचा हात त्याच्या शर्टावर पुसला. त्याचं लक्षच नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "वरखडा पडायला आता गाडी कुटं हाय."