डिकीकडचं टोक

नंदकुमार घाटपांडे यांच्या फियाटला आलमबागेतल्या टेलिफोन क्वार्टर्समध्ये कुणी गाडी म्हणतच नसे. शेजारचे मिश्राजी तिला 'घाटपांडेजी की प्रदर्शनी' म्हणायचे. भंगारातून उचललेली ही बया दोन उन्हाळे कडुनिंबाखाली विटांवर उभी होती. नंदकुमारांनी तिचं इंजिन उतरवलं, चढवलं. जुना पेट्रोल पंप काढून डिकीत विजेवरचा बसवला, रेडिएटरला विजेचा पंखा लावला आणि सगळ्या गाडीतून नवी वायर ओढली. निशातगंजच्या बाजारात एकाच करड्या रंगाचं भलंमोठं भेंडोळं मिळालं, म्हणून वायर सगळी करडी. माणूस हुशार होता, पण हुशार माणसांना अशी खुळं लागतात त्याला कोण काय करणार!

शहाण्णवचा जून होता. लू, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, अशी वाहत होती की दाराची कडीसुद्धा फडक्याने धरावी लागे. मुलगी अपूर्वा छावणीतल्या एका इस्पितळात दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली होती. पोर जगली, पण हाताच्या तळव्यावर मावेल एवढीशी. डॉक्टरीणबाईंनी घरी न्यायची परवानगी दिली ती एका अटीवर: उन्हात कुठे ताटकळायचं नाही. जावई आदेश फौजेत, दूर सीमेवर. त्याला नंदकुमारांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "काळजी करू नका. माझी नात माझ्या गाडीतून घरी येईल."

"अहो, टॅक्सी सांगू या ना," लतिकाबाई सकाळपासून मागे लागल्या होत्या. "परवा चारबागपाशी काय झालं, विसरलात? त्या एवढ्याशा जिवाला घेऊन मी रस्त्यात कुठे उभी राहू?"

"संध्याकाळपर्यंत ठीक करतो. नाहीच झाली तर टॅक्सी."

परवा झालं होतं ते असं. कधी पंखा सुरू झाला की पंप गप्प व्हायचा आणि गाडी बंद पडायची. कधी दोन्ही चालू राहायचे, पंखा गरगर फिरायचा, तरी इंजिन उकळायचं. कुठली वायर कुठे जाते हेच आता नंदकुमारांना कळेना, आणि ते बायकोपाशी कबूल करायची लाज वाटत होती.

मग त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीतली जुनी युक्ती काढली. केबलमधल्या शेकडो सारख्या तारांतून एक ओळखायची तर एक जण या टोकाला, दुसरा त्या टोकाला. या टोकाच्या कानाला सेल जोडलेला रिसीव्हर. त्या टोकाने तार धातूला टेकवली की कानात 'खट्' होतं. पलीकडचा बोलत नाही, तारेनेच बोलतो. दोनदा खट् म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही. लतिकाबाईंना हे लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी शिकवलेलं होतं. दुसऱ्यांचे नवरे सिनेमाला नेतात.

त्या डिकीपाशी बसल्या. नंदकुमार बॉनेट उघडून पुढे. बॉनेट वर उचललेलं, त्यामुळे मागचं काही दिसत नव्हतं.

"ही पंपाची?"

खट्.

"मग ही?"

खट्, खट्.

"शाब्बास. आणि ही मागच्या दिव्याची?"

खट्, खट्.

काम भराभर होत गेलं. लू कडुनिंबातून सळसळत होती, हाताला पाना चटके देत होता, पण नंदकुमार खुशीत आले. प्रत्येक तारेला त्यांनी चिकटपट्टी लावली. शेवटी घाम पुसत ते सहज म्हणाले, "झालं तर मग. पंखा तर ठीकच आहे."

खट्.

ते हसले. "तुला काय कळतंय गं पंख्यातलं?"

खट्. या वेळी जरा जोरात.

"ऐकलं का," समोरून फाटकातून आवाज आला, "भैयाकडे आज भेंडी चांगली मिळाली."

लतिकाबाई सब्जीची पिशवी घेऊन आत येत होत्या.

"तू कधी गेलीस?"

"तुम्ही दुसरी तार धरलीत तेव्हाच. सांगून गेले की. तुम्ही हूं म्हणालात."

नंदकुमार मागे जाऊन बघून आले. डिकी उघडी, आत कुणी नाही. तारेची टोकं मोकळी लोंबत होती. लूने हलली असतील, पत्र्याला लागली असतील. असं होतं. त्यांनी स्वतःला दोनदा समजावलं आणि बायकोला काही सांगितलं नाही.

पण मन खाऊ लागलं. त्यांनी पंखा थेट बॅटरीवर चालवला आणि जाळीसमोर कागदाचा कपटा धरला. कपटा जाळीला चिकटायला हवा होता. तो उडून त्यांच्या तोंडावर आला. पंखा उलटा फिरत होता! टेलिफोनच्या खात्यात धन टोक जमिनीला असतं, मोटारीत ऋण टोक पत्र्याला. उभा जन्म एक्स्चेंजमध्ये गेलेल्या त्यांच्या हाताने पंख्यासोबतच आलेली लाल तार सवयीने गाडीच्या पत्र्याला बसवली होती. भर वेगात आत येणारी हवा पंखा बाहेर ढकलत होता. इंजिन उकळेल नाही तर काय होईल?

त्यांनी तारा पालटल्या. पंखा आणि पंप एकाच रंग फासलेल्या स्क्रूवर टांगलेले होते, तिथला विजेला अडवणारा रंग खरवडून दोघांना वेगळ्या जागा दिल्या. आता दोन्ही एकदम चालू लागले. पाण्याच्या उष्णतेची सुई वर चढेना.

निघायची वेळ होत आली होती. लतिकाबाई आत थर्मास भरत होत्या, भांड्यांचा आवाज इथवर येत होता. नंदकुमारांनी डिकीला कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली. आणि मग, कुणी बघत नाही ना हे बघून, पंपाची तार पुढून सोडवली आणि रिसीव्हर कानाला लावला.

"आता ठीक आहे?"

काहीच नाही. त्यांना हायसं वाटलं.

खट्.

पाठीवरचा घाम एकदम गार पडला.

"काय ठीक नाही? पुढे आहे?"

खट्.

"मागे? डिकीत?"

खट्.

"सीटखाली?"

खट्, खट्.

त्यांनी मागची सीट उपसून काढली. पत्र्याच्या भोकातून पंपाची तार जात होती, त्या भोकात रबर बसवायचं ते विसरले होते. धारेने घासून तार उघडी पडली होती, तांबं चकाकत होतं. शेजारून पेट्रोलची नळी जात होती आणि तिचा सांधा ओला होता. बोट लावलं. बोटाला पेट्रोलचा वास आला.

याच सीटवर अपूर्वा बसणार होती, मांडीवर नात घेऊन.

नंदकुमारांनी अवजारं पुन्हा काढली. तार बदलली, रबर घातलं, सांधा आवळला, पुसला, पुन्हा बोट लावून पाहिलं. कोरडा. मग रिसीव्हर घेतला.

"आता?"

लू थांबली होती.

"सांग ना. आता नेऊ का तिला?"

खट्.

त्यांनी डोळे मिटून घेतले.

खट्.

डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी काळ्या हातानेच पुसलं. रिसीव्हर सोडवून पंपाची तार पुन्हा जागेवर जोडताना 'थँक्यू' म्हणाले, अगदी हळू, आणि सीट बसवून नात आणायला निघाले.

परतीची वाट उन्हं कलल्यावरची होती. पुढे लतिकाबाई, मांडीवर थर्मास आणि इस्पितळाची पिशवी. मागे एकटी अपूर्वा आणि तिच्या कुशीत दुपट्यातला तो जीव. पोर सुरुवातीला चिरक्या आवाजात रडत होती, मग रडायची थांबली. पंप नीट घरघरत होता. लाल दिव्याशी गाडी उभी राहिली की पंखा आपणहून सुरू होई, सुई खाली येई. नंदकुमारांच्या छातीवरचं ओझं गल्लीगणिक उतरत गेलं. आलमबागेच्या वळणावर तर ते चक्क गुणगुणू लागले.

क्वार्टर्सपाशी मिश्राजी वाटच बघत होते.

"रास्ते में बंद तो नहीं हुई?"

"एकदाही नाही! लाल दिवे सोडले तर कुठे थांबली नाही," नंदकुमार आनंदात मराठीतूनच म्हणाले. लतिकाबाई हसल्या. कित्येक दिवसांनी त्या अशा मोकळ्या हसल्या होत्या.

त्यांनी उतरून मागचं दार उघडलं. अपूर्वा एका खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती, हात मोकळे. बाळ सीटच्या पलीकडच्या कोपऱ्यात होतं, दुपट्यात घट्ट, नीट बांधलेलं, शांत झोपलेलं.

अपूर्वाने डोळे उघडले.

"आई, तू पीछे आ गई, अच्छा किया," ती झोपेतच म्हणाली, लहानपणापासून तोंडी बसलेल्या हिंदीत. "मेरी तो आँख लग गई थी. तूने ले लिया तो ये चुप हो गई."

नंदकुमारांनी लतिकाबाईंकडे पाहिलं. वाकून लतिकाबाईंनी नातीला उचललं, छातीशी धरलं. अपूर्वा उतरली.

दार मात्र त्यांनी लगेच लावलं नाही. आणखी कुणी उतरायचं आहे असं समजून, एका हाताने ते धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या.