खोपटीच्या भिंतीवरची किल्ली

मी नवा फोन घेतला तो फक्त एनारच्या आवाजासाठी. माझा नवरा अकरा वर्षं हिवाळाभर विनिपेग सरोवराच्या बर्फावर मासे धरायचा, आणि रोज संध्याकाळी बोलून संदेश पाठवायचा, "गुडी, कॉफी ठेव, निघालोच." यंदा जानेवारीत बर्फ फुटला. एनार, बर्फावरची त्याची खोपटी आणि माझा फोन, सगळं तळाला गेलं. त्याचा फोन बिघडला होता म्हणून त्या दिवशी त्याने माझा नेला होता.

नव्या फोनवर जुने संदेश होते, पण कुलूपबंद. उघडायला अठ्ठेचाळीस अक्षरांची किल्ली हवी, नाहीतर जुन्या फोनवरून होकार. किल्ली मी जपूनच ठेवली होती. आमच्या गिमली गावात जपायचं ते खोपटीच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहितात, रोज किती मासे मिळाले तेही तिथेच.

"म्हणजे आता किल्ली मासे वाचतायत," माझी नणंद लोआ म्हणाली. "धन्य आहेस, वहिनी."

"तुझ्या भावानेच लावलेली सवय."

दुपारचे तीन वाजले होते. खिडकीबाहेर सरोवर पांढरं, गप्प पडलं होतं. सगळे उपाय थकले तेव्हा मी निव्वळ चाळा म्हणून 'जुन्या फोनला विचारा' दाबलं. चक्र बराच वेळ फिरत राहिलं. मग खोलीत ओल्या जाळ्याचा वास आला...

पडद्यावर अक्षरं उमटली: जुन्या फोनने होकार दिला आहे.

"वहिनी... बंद कर ते."

मी केलं नाही. एकेक कुलूप निघत गेलं. अकरा वर्षांचा एनार, खोकणारा, हसणारा, थंडीला शिव्या घालणारा. मी ढसाढसा रडले. हे ज्याने कोणी केलं त्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, असं मी आजही म्हणते.

शेवटचा संदेश जानेवारीतला नव्हता, त्याच दुपारचा होता, तीन वाजून चार मिनिटांचा.

"गुडी, किल्ली वाचतो... लिहून घे. पुन्हा हरवशील."

त्याने सगळी अक्षरं सावकाश वाचली. मागे पाणी हलत होतं. लोआने ती लिहून घेतली. मग तो भिंतीवरचं पुढचं वाचू लागला.

"सहा फेब्रुवारी, नऊ मासे... एक मार्च, अकरा... नऊ मार्च, चौदा..."

त्या दिवशी नऊ मार्चच होती.

"...कॉफी ठेव, निघालोच."

लोआने उठून दाराला कडी घातली. मी आधण ठेवलं, आणि जाऊन कडी काढून आले.