काठावरचा तुकडा

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत बाईंचं निम्मं आयुष्य मायक्रोस्कोपला डोळा लावून गेलं होतं. वरून गाठीचा तुकडा यायचा, तो मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप स्लाइडवर घ्यायचे, पेशींमधल्या प्रथिनांवर रंग चढवायचा. मग बाई सांगायच्या, हा लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर, सुस्तावलेला आहे की अंगावर धावून येणारा. माणसाचा चेहरा कधी दिसायचा नाही.

रंग नीट चढला की नाही हे कळावं म्हणून स्लाइडच्या काठावर निरोगी माणसाचा एक तुकडा लावतात. त्याला म्हणतात कंट्रोल. इथला कंट्रोल बाईंच्या लेकीचा होता. लहानपणी तिचे टॉन्सिल काढले, ते बाईंनीच हौसेने मेणात बसवून ठेवले. असा देखणा टॉन्सिल शोधून सापडला नसता! पुढे लेक नोकरीसाठी लांब गेली, बाईंचे यजमान वारले आणि घर खायला उठलं. लेकीचा फोन आलाच तर 'बरी आहेस ना' एवढ्यावर आटपायचा. पण स्लाइडवर ती रोज भेटायची. बाई आधी काठावर नजर टाकायच्या आणि पुटपुटायच्या, "काय गं, बरं चाललंय ना?" मग पेशंटकडे वळायच्या.

काप काढणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे मेणकाका म्हणत. ते हसायचे. "मॅडम, फोन करा की तिला. काचेशी काय बोलताय?"

"काच ऐकून तरी घेते," बाई म्हणायच्या.

पेशींना मरू न देणारं एक प्रथिन असतं. निरोगी टॉन्सिलमध्ये त्याचं तपकिरी कडं दिसतं आणि कड्याच्या आतला गोल निळाच राहतो; लिम्फोमात तो भरतो. एका सकाळी लेकीच्या तुकड्यातला एक गोल तपकिरी रंगाने भरलेला दिसला.

"मेणकाका, पेशंटचे कण कंट्रोलवर आलेत. पाणी बदला बघू."

होतं असं कधीकधी. काप पाण्यावर तरंगवतात, एकाचे कण दुसऱ्याला चिकटतात. पाणी बदललं, नवा काप घेतला. आता बरेच गोल भरलेले. शेजारी पेशीला वाढायला चिथावणारं दुसरं प्रथिनही रंगलेलं.  बाईंनी कुणाला न सांगता जनुकाची चाचणी लावली. निरोगी पेशीत लाल आणि हिरवा ठिपका एकमेकांना बिलगून असतात, जनुक तुटलं की दोघांची फारकत होते. काळोख्या खोलीत बाईंनी डोळा लावला. जिकडे बघावं तिकडे फारकत.

मेणातलं मांस मेलेलं असतं, ते आजारी पडत नाही. शिकाऊ डॉक्टरांना हे बाईच शिकवत आल्या होत्या.

त्यांनी फोन लावला. "मानेला हात लाव बरं. गाठ लागते का?"



"तुला कुणी सांगितलं, आई? मला स्वतःला कालच लागलीय."

उपचार सुरू झाले. तिकडचा रिपोर्ट यायच्या आधी इकडची स्लाइड सांगून मोकळी व्हायची, आणि दर वेळी वाईटच. बाई देवाला हात जोडणाऱ्यांतल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना गाऱ्हाणं घालायलाही कुणी नव्हतं. मग काप काढायचं यंत्र बिघडलं. ते बंद होतं तेवढे दिवस लेकीची गाठ होती तेवढीच राहिली. यंत्र सुरू झालं, मेणकाकांनी पहिला काप काढला, आणि संध्याकाळी लेकीचा फोन आला, "आई, पुन्हा वाढली गं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी ब्लॉक उचलून पर्समध्ये टाकला.

"कंट्रोल संपला, मेणकाका. दुसरा लावा."

"संपला? अहो, अजून कितीतरी..." त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि दुसरा ब्लॉक शोधायला वळले.

ब्लॉक घरच्या फ्रीजमध्ये, अगदी मागे गेला. गाठ थांबली. लेक नोकरी सोडून आईकडे राहायला आली.

बाईंना आनंद झाला, खोटं कशाला बोला! संध्याकाळी दाराचं कुलूप काढावं लागत नव्हतं. आतून आवाज यायचा, "आलीस, आई?" तेवढ्यासाठी बाई रिक्षासुद्धा घासाघीस न करता पकडायच्या.

लेक जेमतेम चार घास खायची, तरी वजन तेवढंच. गरम चहा नको म्हणायची. हात गार असायचे.

तिच्या डॉक्टरांचा फोन आला. "चमत्कारिकच आहे. औषधाचा गुण नाही की त्रासही नाही. काही बदलतच नाही तिच्यात."

"मग चांगलंच की," बाई म्हणाल्या.

एकदा लेक म्हणाली, "आई, बरी तरी होऊ दे, नाहीतर... काहीतरी एक होऊ दे गं."

बाई स्वयंपाकघरात गेल्या. फ्रीज उघडून ब्लॉक हातात घेतला. एकच काप काढायचा होता. कदाचित गोल पुन्हा निळे व्हायला लागले असते.

कदाचित नसते.

बाईंना ते कुलूप आठवलं. त्यांनी ब्लॉक होता तिथे ठेवला आणि दार लावलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा लेक खुर्चीत मान टेकून, डोळे मिटून बसली होती.

"नखं काप ना गं माझी. लहानपणी कापायचीस तशी."

बाई नेलकटर घेऊन शेजारी बसल्या. तिचा हात मांडीवर घेतला. इथे येताना तिने नखांना लाल रंग लावला होता. तो अजून तसाच होता, थेट मुळापर्यंत. खाली नवं नख तसूभरही आलेलं नव्हतं. कापायला काही नव्हतंच.

बाईंनी नेलकटर बोटाजवळ नेला आणि हवेतच दाबला.

कट्.

पुढचं बोट. कट्.

"बरं वाटतं गं," लेक म्हणाली.

"दुसरा हात दे," बाई म्हणाल्या.